सांदवाडीतली अडगळ आणि अर्ध्या गुंठ्याची परसबाग: राळेगाव तालुक्यातलं एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात, कापूस पिकवणाऱ्या एका घरात, 2025 च्या उन्हाळ्यात घर आवरण्याचं आणि परसबाग लावण्याचं काम एकदमच झालं. बचत गटाच्या परसबागेच्या कामामुळे माझं या घरी जाणं-येणं होतं, त्यामुळे पहिल्यापासून सगळं पाहता आलं. घरच्यांनी लिहायला होकार दिला, पण नावं नकोत म्हणाले. म्हणून इथे आजी, भाऊ आणि ताई एवढंच.

घर आवरण्याचे जे सल्ले सगळीकडे वाचायला मिळतात, ते शेतकऱ्याच्या घरात फारसे चालत नाहीत. 'वर्षभर हात लागला नाही ती वस्तू काढून टाका' हा नियम इथे लावला तर विहिरीत बादली पडल्यावर लागणारा गळ जाईल, मोटरचा जुना स्टार्टर जाईल, आणि अवकाळी पावसात कापसावर टाकायची ताडपत्रीही जाईल. खेड्यातलं सामान वर्षाच्या हिशेबाने लागत नाही, अडचणीच्या वेळी लागतं. म्हणून इथली माणसं ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. मग या घरातून इतकं सामान हललं कसं, हे मला नीट मांडायचं आहे.

घर आणि गरज

घरात पाच माणसं. सत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा म्हणजे भाऊ, सून म्हणजे ताई आणि शाळेत जाणारी दोन लेकरं. शेती पाच एकर कोरडवाहू. कापूस, त्यात तुरीच्या ओळी, उरलेल्या तुकड्यात सोयाबीन. समोर सपरी म्हणजे ओसरी, मधे मातीच्या भिंतींच्या दोन खोल्या वर कवेलू (कौलं), बाजूला घरकुलातून झालेली एक स्लॅबची खोली, मागे सांदवाडी म्हणजे परसातली मोकळी जागा.

गरज ताईंच्या बाजूने आली. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासलं तेव्हा त्यांचं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघालं होतं. गोळ्या मिळाल्या, त्या चालूही होत्या. ताई काही एकट्या नाहीत. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. नर्सबाईंनी हिरवी भाजी रोज खायला सांगितली. पण भाजी आठवड्याच्या बाजारातून यायची. बाजारानंतर दोन-तीन दिवस पालेभाजी, मग आलू, वांगं, आणि शेवटचे दिवस वरण नाहीतर झुणका. शेतकऱ्याचं घर असून भाजी विकत, आणि तीही अर्धा आठवडाच.

गटाच्या बैठकीत 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या पोषण परसबागेची माहिती झाली तेव्हा ताई म्हणाल्या, "कराची तर हाये बाई, पन जागा कुठं हाये?" मी सांदवाडी मोजली. चाळीस फूट लांब, पंचवीस फूट रुंद, म्हणजे जवळजवळ गुंठाभर. न्हाणी आणि जायची वाट सोडली तरी अर्धा गुंठा सहज मोकळा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात पाय ठेवायलाही जागा नव्हती.

ढीग कसे साचले

दरवर्षी दिवाळीआधी घर निघायचं. भांडी घासली जायची, भिंतींना चुना लागायचा, गोधड्या उन्हात पडायच्या, आणि जे कुठे ठेवावं ते कळेना ते सांदवाडीत जायचं. घर आवरल्यासारखं दिसायचं. सामान फक्त भिंतीपलीकडे सरकलेलं असायचं.

ढीग उकलत गेलो तसं लक्षात आलं की यातला बराचसा आळसाने साचलेला नव्हता. शेतीत जे बदललं त्याचा एकेक थर तिथे पडून होता. ज्वारी पेरणं बंद झालं, सोयाबीन आलं, तेव्हा कणगी रिकामी झाली. बैलजोडी विकली आणि ट्रॅक्टर भाड्याने सांगायला लागले, तेव्हा वखर, डवरे, जू, बंडीची चाकं मागे आली. ठिबकचे लॅटरल (नळ्या) उंदरांनी कुरतडले, ते गुंडाळून आले. घरकुल झालं तेव्हा उरलेले कवेलू आणि सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे आले. त्यावर दरवर्षीच्या पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं), तुराट्या (तुरीच्या काड्या), खताच्या रिकाम्या बॅगा, फुटके माठ, बिघडलेला फवारणी पंप.

घरात वेगळीच कथा. आहेराचे ब्लाउजपीस, टॉवेल-टोप्या आणि साड्यांनी एक पेटी भरलेली. याला मी अडगळ म्हणणार नाही. ते गावातलं देण्याघेण्याचं चलन आहे, आज आलेलं उद्या दुसऱ्याच्या घरी जातं. ती पेटी आम्ही उघडलीसुद्धा नाही.

खरा प्रश्न स्लॅबच्या खोलीत होता. तिथे छातीएवढा कापूस भरलेला. घरातली एकमेव पक्की खोली कापसाला, आणि माणसं सपरीत. 2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. तेव्हापासून 'थांबलं तर भाव मिळतो' ही आशा घराघरात बसली. पुढच्या वर्षी थांबलेल्यांचं नुकसान झालं तरी ती गेली नाही. 2024-25 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 रुपये होता आणि बाजारातली बोली बरेच दिवस त्याच्याही खाली. भाऊ म्हणाले, "भाव वाढन म्हनून ठेवला. घरात हाये तवरोक आपला हाये." साठवलेल्या कापसात किडे होतात, अंगाला खाज सुटते, लेकरांच्या हातापायांवर पुरळ होती. तरी या कापसाला हात लावायचा शब्द मी काढला नाही. ती त्या घराची बँक होती. तो कधी विकायचा हे बाहेरच्या माणसाने सांगायचं नसतं.

तारीख ठरली ती मृगाची

एप्रिलमध्ये शेतात फारसं काम नसतं आणि सगळं वाळलेलं असतं. मृग लागतो 7 जूनच्या सुमारास. त्याआधी जमीन मोकळी करून वाफे तयार झाले तरच पावसाळी भाजी साधणार होती. माझ्या मते या प्रकरणाचा कणा हाच. तोवर घरात 'हे काढायचं का?' हा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर नेहमी 'राहू दे' असं यायचं. आता प्रश्न झाला, 'दोडक्याचा वेल इथे लावायचा आहे, हे कुठे न्यायचं?' मग प्रत्येक वस्तूबद्दल काहीतरी ठरवावंच लागलं.

काम सकाळी सहाला सुरू आणि ऊन चढायच्या आत बंद. ढीग वरूनच उकलायचे, आधी काठीने, पायात बूट. कवेलूंच्या थप्पीत विंचू निघाले, पऱ्हाट्यांखाली उंदरांची बिळं. उंदीर असले की मण्यार, नाग, घोणस त्यांच्या मागे घरापर्यंत येतात. मातीच्या घरात जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी हा धोका फार मोठा आहे. परसबाग झाली नसती तरी एवढ्या एका कारणासाठी भिंतीला लागून असलेले ते ढीग हलवणं गरजेचं होतं.

पऱ्हाट्या सगळ्यात आधी काढल्या, आणि त्याला शेतीचंही कारण होतं. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते. पावसाळ्याच्या तोंडाशी पतंग बाहेर पडतात आणि नव्या कापसाकडे वळतात. पऱ्हाट्या साठवून ठेवू नका, असं नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगत असते ते यासाठीच. ताईंनी उन्हाळ्यात चुलीपुरत्या जाळल्या, बाकीच्या भाऊंनी शेतात रोटाव्हेटरखाली घातल्या. तुराट्या मात्र ठेवल्या. कुंपणाला आणि मांडवाला त्याच लागणार होत्या.

तिफन

अडलं ते तिफनीपाशी, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या औतापाशी. भंगारवाला दारात उभा होता, बंडीच्या चाकांच्या लोखंडी धावा आणि वखराच्या लोखंडी पात्या वजन करून झाल्या होत्या. भाऊंनी तिफनही पुढे ओढली. आजी सपरीतून उठून आल्या आणि चाड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. चाडं म्हणजे ज्यात मूठमूठ बी सोडतात ती लाकडी वाटी, तळाला भोकं असलेली. या चाड्याचा काठ एका बाजूने इतका गुळगुळीत झाला होता की लाकूड शिंगासारखं चमकत होतं. "तीस वर्स या चाड्यावर माही मूठ पडली हाये. हे भंगारात जानार नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

भाऊ चिडले होते. ताई गप्प होत्या, कारण जागा त्यांना हवी होती आणि बोललं तर सुनेने सासूची वस्तू काढली असं झालं असतं. गावात अशी गोष्ट फार दिवस राहते. तोडगा आजींनीच काढला. वखर आणि डवरे भंगारात न देता, गल्लीतल्या ज्या एका घरी अजून बैल आहेत तिथे द्यायचे, पैसे न घेता. "जो वापरन त्याले दे." आणि तिफन सपरीच्या भिंतीला, खुंट्यांवर. तिला जमीन लागणार नव्हती.

त्यानंतर आजींचा विरोध मावळला असं म्हणणं अर्धवट होईल. त्या कामात आल्या. माळ्यावरून मडकं त्यांनीच उतरवायला लावलं. त्यात राखेत ठेवलेल्या बियांच्या फडक्याच्या गाठी होत्या: वाल, बरबटी (चवळी), डांगर, अंबाडी. किती जुन्या ते त्यांनाही आठवेना. प्रत्येकीच्या वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. आठवड्याने उघडल्या तेव्हा डांगराच्या पंधरा, बरबटीच्या चौदा, वालाच्या बारा आणि अंबाडीच्या फक्त दोन उगवल्या होत्या. उगवण कमी असेल तितकं बी दाट टाकायचं, हा हिशेब आजींना सांगायची गरज पडली नाही. अंबाडीचं बी शेजारून आलं.

कणगीचा तळ उधईने खाल्ला होता. वरचा भाग शाबूत होता, तो कापून खताच्या खड्ड्याभोवती कडं म्हणून बसवला. आजींना ते पटलं, कारण कणगी तुटली तरी घरातच राहिली.

जे परसबागेत जाऊ नये

टाकाऊ वस्तूत भाजी लावायची हौस आता गावातही आली आहे. थोरला मुलगा शाळेतून ते शिकून आला होता आणि त्याने कीटकनाशकाचे पाच लिटरचे डबे कुंड्यांसाठी बाजूला काढून ठेवले होते. एक डबा तर पाणी घालायला धुऊनही ठेवला होता. चुलीवरच्या माळ्यावर अर्ध्या भरलेल्या बाटल्या वेगळ्याच.

इथे मी स्पष्ट आणि मोठ्याने बोलले. 2017 मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. त्या जिल्ह्यात तरी कीटकनाशकाचा डबा म्हणजे नुसतं प्लास्टिक, असं कोणी समजू नये. डबा कितीही धुतला तरी त्यात पाणी, धान्य, माती, रोप काहीही ठेवायचं नाही. लेबलावरचा त्रिकोण लेकरांना दाखवला: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा असला म्हणजे निर्धोक, असं मुळीच नाही. कापसासाठी आणलेलं औषध भाजीवर मारायचं नाही, हेही तेव्हाच सांगितलं. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला तर बंदीच आहे, आणि तरी उरलेलं औषध वांग्यावर मारणारे हात मी पाहिले आहेत.

रिकामा डबा फवारणीच्या वेळीच तीनदा खळखळून ते पाणी पंपातच ओतायचं असतं. वाळून बसलेले जुने डबे आता धुण्यात अर्थ नव्हता. ते पाणीच विष झालं असतं. कीटकनाशक नियम, 1971 सांगतात की रिकामी वेष्टनं पुन्हा वापरता येणार नाहीत अशी मोडून वस्तीपासून दूर पुरावी. तसे ते भोकं पाडून, शेताच्या उंच कोपऱ्यात, विहिरीपासून लांब पुरले. मला यात समाधान वाटत नाही. दरवर्षी गावोगाव असं किती प्लास्टिक मातीत जाणार? गावात हे डबे गोळा करून नेणारी व्यवस्था हवी, आणि ती विकणाऱ्यांकडूनच उभी राहायला हवी. अर्ध्या बाटल्यांपैकी मुदत संपलेल्या वेगळ्या बांधल्या; बाकीच्या कुलपाच्या पत्र्याच्या पेटीत, घराबाहेर, लेकरांच्या हाताच्या वर.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांना कापायचं-फोडायचं नाही असं ठरलं, कारण त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. ते आहेत तसे उचलून गोठ्यामागे उभे केले. टायरमध्ये झाडं लावायची कल्पनाही सोडली. पावसात त्यात पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास होतात.

उपयोगी पडलं ते साधं होतं. कवेलू वाफ्यांच्या कडेला. लॅटरलचे चांगले तुकडे जोडून दोन ओळी. युरियाच्या बॅगा धुऊन त्यात पालेभाजी, पण एकाच हंगामापुरती. उन्हाने त्यांचे धागे सुटतात आणि मातीत मिसळतात. माठ मात्र पारखून घ्यावा लागला. काठ फुटलेला पण पोट शाबूत असलेला माठ झाडाजवळ पुरून पाण्याने भरला की ओल हळूहळू मुळाशी जाते. आमच्या भागातल्या क्षारांच्या पाण्याने जुन्या माठांची छिद्रं बुजलेली असतात. म्हणून रात्री भरून ठेवून सकाळी बाहेरून हात लावून पाहिला. ओलसर लागले तेच पुरले.

भंगाराचे बावीसशे रुपये आले. ते ताईंच्या हातात राहिले, हे मी मुद्दाम नोंदवते. त्यातून लिंबाचं आणि जांबाचं (पेरूचं) कलम, पपईची रोपं आणि पाण्याची नळी आली.

काय लागलं, काय गेलं

आमची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून सगळे गादी वाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफे केले. सात वाफ्यांची गोल परसबाग बऱ्याच ठिकाणी शिकवतात. इथे जागा लांबट होती, गोल आखला असता तर कोपरे वाया गेले असते. लांब वाफेच केले. पावसाळ्यात चवळाई, अंबाडी, बरबटी, भेंडी, ढेमसं, आणि तुराट्यांच्या मांडवावर दोडके, कारली. कुंपणाला मुंगन्याच्या (शेवग्याच्या) फांद्या लावल्या. सांडपाणी केळीला आणि आळूला. साबणाचं पाणी पालेभाजीवर जाणार नाही असा दांड काढला.

ऑगस्टच्या झडीत पपईची तीन रोपं बुडाशी सडून गेली. उंचवट्यावर लावलेली दोन वाचली. कोंबड्यांनी पहिली मेथी उकरली. हिवाळ्यात वांगी, भेदरं (टोमॅटो), पालक, सांबार (कोथिंबीर) आणि वाल इतके झाले की शेजारी वाटूनही उरले, आणि मग वानरं आली. जांबाचा शेंडा त्यांनी मोडला. कुंपण वानरांना अडवत नाही; आजी काठी घेऊन बसतात तेवढाच बंदोबस्त.

ताईंच्या ताटात आता जवळजवळ रोज हिरवी भाजी आहे आणि तिच्यावर लिंबू पिळलेलं. पालेभाजीतलं लोह शरीराला कमी लागू पडतं. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला मदत करतं आणि जेवणाला लागून घेतलेला चहा आडवा येतो. चहाची वेळ बदलणं भाजी लावण्यापेक्षा कठीण गेलं. रक्त वाढलं आहे, पण गोळ्याही चालू होत्या, म्हणून त्याचं श्रेय मी परसबागेला देत नाही. बाजारातली भाजीची पिशवी हलकी झाली हे खरं. आता आलू, कांदे, लसूण, फळं एवढंच येतं.

कापूस भाऊंनी पेरणीच्या पैशासाठी मे अखेरीस विकला आणि खोली रिकामी झाली. पुढच्या हंगामात त्यांनी स्वतःहून दोन टप्प्यांत विकायचं ठरवलं: अर्धा वेचणीनंतर लगेच, अर्धा भाव पाहून. खोलीत आता अर्धाच कापूस येतो आणि लेकरं पलीकडच्या भिंतीला झोपतात.

सांदवाडी दुसऱ्या वर्षीही मोकळी राहिली, कारण तिथे टाकायला जागाच उरली नाही. सामान यायचं मात्र थांबलेलं नाही. वेचणीनंतरच्या बॅगा, पंप, ताडपत्री आता सपरीत साचतात. समोरचं घर आधीपेक्षा जास्त भरलेलं दिसतं, हे ताईंना खटकतं आणि मलाही. न्हाणीच्या वर पत्र्याचा एक माळा करून शेतीचं चालू सामान तिथे न्यायचं, असं बोलणं चाललं आहे. लोखंड आणि मजुरीचा अंदाज काढला आहे. गटातून कर्ज घ्यायचं की तुरीचे पैसे येईपर्यंत थांबायचं, यावर भाऊ आणि ताईंचं अजून एकमत झालेलं नाही. येत्या उन्हाळ्यासाठी 50 टक्के सावलीची जाळी आधी घ्यायची, एवढं ठरलं आहे, कारण पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की तिच्याशिवाय पालेभाजी टिकत नाही.